बर्कली गांवचे वैद्य डॉक्टर जेन्नर

लहानपणीं देवी टोचल्याचा वण ज्यांच्या दंडावर आहे, असे वडीलधारे आपल्या गांवोगांवीं पुष्कळ आहेत. ही युक्ति जगास देणारे डॉक्टर एडवर्ड जेन्नर हे एका खेड्याचे वैद्य होते. त्यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत ग्लॉस्टरशायर नांवाचा परगणा आहे. पूर्वेस कॉट्सवोल्डचे डोंगर, पश्चिमेस सेव्हर्न नदी आणि मधल्या खोऱ्यांत हिरवीं कुरणें, असा तो रमणीय मुलूख आहे. तेथील बर्कली गांवच्या जुन्या किल्ल्यांत इ.स. १३२७ सालीं दुसरा एडवर्ड राजा कैदेंत मरण पावला. याच गांवीं १७ मे १७४९ रोजीं, तेथील पाळकांच्या घरीं, जेन्नर यांचा जन्म झाला. पांचव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. वडील भावानें त्यांस वाढविलें.

तरुणपणीं ते लंडनांत जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्यांजवळ शिकले. कप्तान कुक यांच्या दुसऱ्या जलप्रवासांत जाण्याची संधि त्यांस आली होती. परंतु ती नाकारून ते गांवीं परतले व खेडोपाडीं रोगी पाहूं लागले.

त्या काळीं देवीच्या सांथींत असंख्य लोक मरत. वांचलेल्यांपैकीं कित्येक आंधळे होत. खऱ्या देवीची लस टोचण्याची रीत होती, पण तींत जिवास धोका असे. गाईच्या सडांवरील फोडांचा संसर्ग ज्यांच्या हातांस झाला त्यांस देवी येत नाहींत, असें खोऱ्यांतील गवळी लोक म्हणत. जेन्नर यांनीं हें बोलणें हंसण्यावारी नेलें नाहीं. कित्येक वर्षें ते एकेक उदाहरण तपासून टिपून ठेवीत राहिले.

१४ मे १७९६ रोजीं सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडांतील लस त्यांनीं आपल्या माळ्याचा आठ वर्षांचा मुलगा जेम्स फिप्स यास टोचली. १ जुलै रोजीं त्याच मुलास खऱ्या देवीची लस टोचून पाहिली. गरिबाच्या लेकरावर असा प्रयोग आज कोणी मान्य करणार नाहीं, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. मुलगा सुखरूप राहिला.

रॉयल सोसायटीनें त्यांचा निबंध स्वीकारला नाहीं. तेव्हां आणखी प्रयोग करून १७९८ सालीं त्यांनीं स्वतःच पुस्तक छापविलें. पुष्कळांनीं थट्टा केली. तरी चार वर्षांतच ती लस बगदाद व बसरा या मार्गानें मुंबईस पोहोंचली. तेथें १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यांत आली.

पार्लमेंटनें त्यांस दोन वेळां मिळून ३०,००० पौंड दिले. तरी आपल्या बागेंतील झोंपडींत ते गोरगरिबांस फुकट लस टोचीत. फिप्स यास त्यांनीं राहावयास घर दिलें. २६ जानेवारी १८२३ रोजीं बर्कलीसच त्यांचा अंत झाला व गांवच्या मंदिरांत त्यांस पुरलें. त्या वेळीं फिप्स तेथें हजर होता.

१९८० सालीं देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. गवळ्यांस जें ठाऊक होतें, तें लक्ष देऊन ऐकणारा एक शिकलेला माणूस त्यांच्याच गांवीं राहिला होता, हें आम्हांस या चरित्रांत विशेष वाटतें.