विश्लेषण : ‘इंटरनॅशनल’ शिक्षण गावच्या अंगणात आणणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या?

रोममध्ये जन्मलेली बालशिक्षणाची पद्धत भावनगर, दादर, बोर्डी असा प्रवास करत अंगणवाडीपर्यंत कशी पोहोचली? मुलांसाठी शाळा निवडताना हा इतिहास का उपयोगी आहे?

मुलाला पहिल्यांदा कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावीही पालक बोर्ड कोणते, माध्यम कोणते, फी किती याची चौकशी करतात. शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असले, की अपेक्षा वाढतात आणि बहुतेक वेळा फीसुद्धा. पण अशा शिक्षणाचा लहान मुलांना खरेच फायदा होतो का? होत असेल, तर नेमका कशामुळे? याचे उत्तर शोधण्यात ताराबाई मोडक यांनी आयुष्याची ५० वर्षे घालवली.

आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात वेगळे काय असते?

जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट म्हणजे ‘आयबी’ या संस्थेचा प्राथमिक कार्यक्रम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात एखादा विषय घेऊन मुलांनी प्रश्न विचारावेत, शोध घ्यावा, हाताने काही करून पाहावे यावर भर असतो. पाठांतराला महत्त्व कमी असते. महाराष्ट्र सरकारनेही २०१८ मध्ये स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून त्यात जिल्हा परिषदेच्या काही शाळा घेतल्या होत्या. ते मंडळ २०२१ मध्ये गुंडाळले गेले. मात्र मुलाला स्वतःच्या गतीने शिकू द्यावे, हा विचार महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी आला होता.

ताराबाई यात कशा आल्या?

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणाला विरोध होण्याच्या त्या काळात ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. सोबत लहान मुलगी होती आणि संसाराचा भार एकटीवर होता. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची मानाची नोकरी त्यांच्याकडे होती.

१९२३ मध्ये त्यांनी ती सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम सुरू केले. एकट्या आईने स्थिर पगार सोडून बालवर्गाच्या प्रयोगात उतरणे, हा त्या काळी मोठा धोका होता.

भावनगरला कोणता प्रयोग सुरू होता?

इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. मूल पाहून, हाताळून, पुन्हा पुन्हा करून शिकते. त्याला शिक्षा किंवा बक्षीस लागत नाही, योग्य साधने आणि मोकळीक लागते, हे त्यांचे निरीक्षण होते. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंना ही पद्धत पटली आणि त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तिथे माँटेसरींच्या साधनांना गुजराती गाणी, गोष्टी, नाटुकली यांची जोड मिळाली.

ताराबाई तिथे सुमारे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मराठी शिक्षकांसाठी त्यांनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शिशुविहारात शिक्षकही तयार होऊ लागले.

मग शहर सोडून खेड्यात का गेल्या?

माँटेसरींनी गरीब वस्तीतून सुरू केलेली पद्धत भारतात मात्र शहरी, सुस्थितीतल्या घरांपुरती राहत होती. ठरावीक मापाची लाकडी साधने महाग होती. ती खेड्यातल्या शाळेला परवडणारी नव्हती. हे शिक्षण गरीब मुलाला मिळणार नसेल, तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न ताराबाईंपुढे होता. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि अखेरपर्यंत राहिल्या.

बोर्डीत त्यांनी पद्धतीचा गाभा ठेवला आणि साधने बदलली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे शिकवायला शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू पुरेसे ठरले. मोजणीही बियांवर झाली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हासुद्धा वर्गाचाच भाग होता. खर्च कमी झाला आणि वस्तू मुलांच्या ओळखीच्या झाल्या.

‘अंगणवाडी’ कशी जन्मली?

बालवाडी सुरू झाली तरी दलित वस्तीतली मुले तिथे येत नव्हती. अस्पृश्यतेची भीती, गरिबी आणि पालकांचा संकोच ही कारणे होती. ताराबाईंनी त्यावर साधा उपाय केला. मुले येत नाहीत, तर शिक्षिकांनीच त्यांच्या वस्तीत जायचे आणि घरासमोरच्या अंगणात वर्ग भरवायचा. ही अंगणातली बालवाडी, म्हणजेच अंगणवाडी. पालकांच्या डोळ्यांसमोर मुले शिकू लागल्याने भीती कमी झाली.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले दिवसभर गुरे राखत. त्यांच्यासाठी गुरे चरतात तिथेच वर्ग भरू लागला. त्याला कुरणशाळा म्हणत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली ‘विकासवाडी’ हाही त्यांचाच प्रयोग. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी मोठी मुलगी त्यामुळे शाळेत येऊ शकत होती.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

उमरग्याच्या पालकांसाठी यात काय आहे?

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तर घरोघरी मराठी आणि कन्नड बोलली जाई. आजही सीमेवरच्या या तालुक्यात एकाच वर्गात मराठी, कन्नड, उर्दू किंवा बंजारा बोली बोलणारी मुले असू शकतात. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रश्न इथे जुनाच आहे. ताराबाईंचे काम सांगते, की पद्धत जगातून कुठूनही घेता येते, पण ती मुलाच्या भाषेतून आणि ओळखीच्या वस्तूंतून पोहोचली तरच रुजते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी या गोष्टी पाहाव्यात :

• शाळा खरोखर एखाद्या आंतरराष्ट्रीय मंडळाशी संलग्न आहे, की ‘इंटरनॅशनल’ फक्त नावात आहे? संलग्नतेचे पत्र मागावे.
• वर्गातल्या वस्तू मुलांच्या हातात येतात, की कपाटात बंद असतात?
• मूल घरच्या भाषेत बोलले तर शिक्षक ऐकून घेतात, की गप्प बसवतात?
• शिक्षकांना बालशिक्षणाचे प्रशिक्षण आहे का?
• तीन-चार वर्षांच्या मुलांना परीक्षा आणि लेखी गृहपाठ आहे का?

यातले संलग्नतेचे पत्र सोडले, तर बाकीचे प्रश्न गावातल्या अंगणवाडीतही विचारता येतात. तिथे ताईंनी बिया आणि खडे घेऊन मोजणी शिकवली, गाणी म्हणून घेतली, तर त्या मुलांना जगभर मान्य असलेल्या पद्धतीचाच फायदा मिळतो आहे आणि त्यासाठी पालकांना फी भरावी लागत नाही.