एल्साला जंगल परत देणारी जॉय

सिंहाचा बछडा मांजराएवढा असतो, तोवर त्याचे कोडकौतुक सोपे असते. दोन-अडीच वर्षांत तोच जीव माणसाहून जड झाला की पुढे काय, हा खरा प्रश्न असतो. जॉय अ‍ॅडमसन यांनी त्याचे जे उत्तर शोधले, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली.

जॉय यांचा जन्म २० जानेवारी १९१० रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील ट्रॉपाउ येथे झाला. आज हे गाव ओपावा या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. १९३७ मध्ये त्या केनियात आल्या आणि तिथल्याच झाल्या. चित्रकला हा त्यांचा व्यासंग. केनियातील रानफुले आणि तेथील जमातींचे पारंपरिक वेषातील लोक त्यांनी रंगवले. १९४४ मध्ये वन्यजीवरक्षक अधिकारी जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१ फेब्रुवारी १९५६ रोजी अंगावर चालून आलेल्या सिंहिणीवर जॉर्ज यांना गोळी झाडावी लागली. ती आपल्या पिल्लांचे रक्षण करत होती, हे नंतर उमगले. तीन अनाथ बछडे घरी आले. ते वाढू लागले, तसे तिघांना सांभाळणे अशक्य झाले. मोठ्या दोघींची रवानगी हॉलंडमधील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात झाली. सर्वांत लहान एल्सा मागे राहिली.

एल्सा जीपच्या टपावर बसून प्रवास करी, खाटेवर झोपे. मात्र तिने लाडाने घेतलेली झेपही आता माणसाला आडवे करण्यास पुरेशी होती. तिलाही पिंजऱ्यात धाडण्याचा मार्ग खुला होता. जॉय आणि जॉर्ज यांनी तो नाकारला. माणसाच्या हातून वाढलेल्या सिंहिणीला शिकार शिकवून रानात सोडायचे त्यांनी ठरवले.

पहिला प्रयत्न फसला. परक्या हवेत एल्सा आजारी पडली, खंगली. मग मेरू भागातील नदीकाठी नव्याने सुरुवात झाली. काही दिवस तिला एकटे सोडायचे, परतल्यावर ती उपाशी तर नाही ना, हे पाहायचे. जॉय यांच्यासाठी ही ताटातूट सोपी नव्हती. अखेर एल्सा स्वतः शिकार करू लागली. रानातल्या सिंहाशी तिची जोडी जमली आणि डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन पिल्ले झाली. ती पिल्ले घेऊन एल्सा जॉय यांच्या भेटीला आली, पण मुक्कामाला परतली रानातच.

१९६० मध्ये जॉय यांचे ‘बॉर्न फ्री’ हे पुस्तक आले आणि जगभर गाजले. १९६६ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पण एल्साला दीर्घायुष्य लाभले नाही. २४ जानेवारी १९६१ रोजी, अवघ्या पाच वर्षांची असताना, गोचिडांमुळे होणाऱ्या रोगाने ती दगावली. पुढे जॉय यांनी पिप्पा ही चित्तीण आणि पेनी ही बिबळ्याची मादी यांनाही रानाची वाट दाखवली. पुस्तकांचे उत्पन्न त्यांनी वन्यजीवांच्या रक्षणासाठी खर्च केले.

३ जानेवारी १९८० रोजी केनियातील शाबा अभयारण्यात जॉय मृतावस्थेत आढळल्या. सिंहाने हल्ला केला, अशी प्रथम वार्ता पसरली. तपासाअंती तो खून ठरला आणि कामावरून काढलेल्या एका नोकराला शिक्षा झाली. आयुष्यभर हिंस्र श्वापदांत निर्धास्त वावरलेल्या जॉय यांचा घात माणसाने केला. त्यांची रक्षा मेरूच्या रानात, एल्सा आणि पिप्पा जिथे चिरनिद्रा घेत आहेत, त्या मातीत मिसळली.