वालचंद हिराचंद: रेल्वेच्या कंत्राटातून उभी राहिलेली एचसीसी

वांद्रे-वरळी सी लिंक कोणी बांधला? उत्तर बऱ्याच जणांना माहीत असतं: एचसीसी, म्हणजे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. पण ही कंपनी १९२६ सालची आहे आणि तिची सुरुवात सोलापूरच्या एका कॉलेज अर्धवट सोडलेल्या मुलापर्यंत मागे जाते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आज त्यांचीच, म्हणजे वालचंद हिराचंद दोशी यांची गोष्ट बघूया.

सोलापूर ते बार्शी लाइट रेल्वे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरच्या गुजराती जैन कुटुंबातला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. मॅट्रिकनंतर ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण बी. ए. पूर्ण केलं नाही. घरच्या धंद्यातही मन रमेना.

मग त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. हे आधी रेल्वेत कारकून होते. रेल्वेचं टेंडर कसं निघतं, मोजमाप कसं होतं, बिल कुठे अडकतं, हे सगळं त्यांना आतून माहीत होतं. वालचंद यांच्याकडे घरामुळे भांडवल आणि पत होती. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाकडे डोमेनचं ज्ञान आणि दुसऱ्याकडे फंडिंग. दोघांनी मिळून 'फाटक-वालचंद' ही भागीदारी सुरू केली आणि पहिलं काम घेतलं बार्शी लाइट रेल्वेच्या नॅरो गेज मार्गाचं.

हे धाडस का होतं, ते समजून घ्यायला थोडं मागे जाऊ. १८५६ ते १८६३ मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग बांधला गेला तेव्हा मोठं कंत्राट ब्रिटिश ठेकेदारांकडेच होतं. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम पुढे नेलं. आपल्या लोकांच्या वाट्याला मजुरी आली. कॉलरा आणि अपघातांत हजारो मजूर त्या घाटात मेले. त्यामुळे टेंडर भरणारा, नफा-तोटा अंगावर घेणारा माणूस भारतीय असणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

बोरघाटात नेमकं काय बदललं?

पुढे त्याच घाटात वालचंद यांना काम मिळालं. १९२० च्या सुमारास त्यांची फर्म टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीन झाली आणि वालचंद तिचे कर्तेधर्ते झाले. बोरघाटातले नवे बोगदे हे या कंपनीचं गाजलेलं काम.

जुन्या मार्गात एक अडचण होती. घाटाचा चढ काही ठिकाणी १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ३७० मीटर लांब गाडी अशा चढावर असेल तर तिचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा १० मीटर उंचावर असतं, म्हणजे साधारण तीन मजली इमारतीएवढं. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड मुळातच कमी, त्यामुळे यापेक्षा तीव्र चढ घेणं कठीण.

मग डोंगर चढायचा कसा? जुन्या इंजिनिअरांनी 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं होतं. गाडी चढून एका बंद टोकाच्या सपाट जागेवर यायची, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. इंग्रजी 'झेड'सारखा हा रस्ता. यात वेळ जायचा आणि त्या सपाट जागेत मावेल एवढीच लांब गाडी चालवता यायची. म्हणजे अख्ख्या मुंबई-पुणे मार्गाची क्षमता या एका जागेवर अडायची. सॉफ्टवेअरवाले याला बॉटलनेक म्हणतात.

नव्या बोगद्यांतून मार्ग वळवल्यावर १९२९ मध्ये हा उलटसुलट प्रकार बंद झाला. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती या सुधारलेल्या घाटातून. तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिन्या आणि सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल हीसुद्धा याच काळातली कामं. १९३५ मध्ये टाटांनी आपला हिस्सा वालचंद यांना विकला आणि त्या कंपनीचं नाव 'प्रीमियर कन्स्ट्रक्शन' झालं.

बांधकामातून जहाज, विमान, मोटार

बांधकामात नाव होत असतानाच ते इतर उद्योगांत शिरत होते. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी वगैरेंबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. ५ एप्रिलला त्यांचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं, म्हणूनच तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पण ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली आणि १९२३ मध्ये सिंदियाला मर्यादा घालणारा करार मान्य करावा लागला.

पुढे १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखाना, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचा साखर कारखाना वेगळाच.

यातलं हातात किती राहिलं? विमान कारखाना १९४२ मध्येच सरकारने ताब्यात घेतला. शिपयार्डचा मोठा हिस्सा १९५२ मध्ये सरकारकडे गेला. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.

यातून काय घ्यायचं?

वालचंद यांची पद्धत साधारण अशी दिसते: विषय जाणणारा जोडीदार शोधा, आवाक्यापेक्षा मोठं काम घ्या आणि सरकारशी भांडत-जुळवून घेत ते रेटा. या पद्धतीतली जोखीम तेवढीच मोठी. परवानगी, कर्ज किंवा सरकारी धोरण यातलं एक जरी फिरलं तरी सगळं अडकतं.

एचसीसीच्या पुढच्या इतिहासात दोन्ही बाजू दिसतात. केरळमधलं इडुक्कीचं कमानी धरण आणि २००९ मध्ये खुला झालेला सी लिंक ही एक बाजू. दुसरी आमच्या बावधनहून फार लांब नाही. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत मुळशीत गेलं की लवासा लागतं, एचसीसीच्याच उपकंपनीने वसवायला घेतलेलं शहर. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तिथलं काम थांबवायला लावलं, कर्ज वाढत गेलं आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. घरासाठी पैसे भरलेले लोक मधल्या मध्ये अडकले.

लवासाचा दोष वालचंद यांच्यावर टाकता येणार नाही, ते तेव्हा जाऊन अर्धशतक उलटलं होतं. पण एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बोरघाटात आधी एक नेमकी अडचण होती आणि बोगदा हे तिचं उत्तर होतं. लवासात आधी स्वप्न होतं आणि त्याला लागणारे रहिवासी नंतर यायचे होते. मोठा प्रोजेक्ट हातात घेताना, मग तो काँक्रीटचा असो की कोडचा, आपण या दोनपैकी कुठल्या प्रकारात आहोत हे आधी विचारलेलं बरं.