स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ - ४ सप्टेंबर, १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश धर्मोपदेशक, शिक्षक व भूशास्त्रज्ञ होते. विदर्भातील गाळाचे खडक आणि त्यांतील जीवाश्म यांच्या स्तरक्रमाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील बर्विकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. एडिंबरा व ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या संस्थेतर्फे ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस आले आणि १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपुरात तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी तेथे शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी त्यांना येऊन मिळाले व १८५५ पर्यंत दोघांनी बरोबर काम केले.

भूशास्त्रीय कार्य

खालचा थर आधीचा, वरचा थर नंतरचा, हे तत्त्व स्टेनो याने १६६९ मध्ये मांडले होते. प्रत्येक थराची ओळख त्यातील जीवाश्मांवरून पटते, हे इंग्लंडच्या विल्यम स्मिथने दाखवून दिले आणि १८१५ मध्ये त्या आधारावर नकाशा प्रसिद्ध केला. ही दोन तत्त्वे दख्खनच्या काळ्या पाषाणाला लावणे मात्र अवघड होते. लाव्हा रसात जीवाश्म सापडत नाहीत. उदगीर, लातूरकडचा रहिवासी टेकडीचा कापलेला उतार पाहतो तेव्हा त्याला एकावर एक बेसाल्टचे थरच दिसतात. त्यांचे वय सांगणारी खूण तेथे सहजी हाती लागत नाही.

ही खूण लाव्ह्याच्या थरांमध्ये दडलेल्या पातळ गाळाच्या थरांत होती. दोन उद्रेकांमध्ये खंड पडला की लाव्ह्याच्या पृष्ठावर तळी साठत, त्यांत चिखल व गोगलगायींची कवचे साचत आणि पुढच्या लाव्ह्याखाली सारे गाडले जाई. नांदेडच्या पूर्वेकडील निर्मळच्या डोंगरांतून असे जीवाश्म माल्कमसन या मद्रासच्या डॉक्टराने हिस्लॉप यांच्या आधीच गोळा केले होते. १८५१ मध्ये हिस्लॉप व हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे तसाच थर आढळला. शंख-शिंपल्यांखेरीज तेथे फळे, बिया आणि कीटकांचे अवशेषही मिळाले. हे प्राणी गोड्या पाण्यातले होते, समुद्रातले नव्हते. म्हणजे निदान या भागात लाव्हा जमिनीवर पसरला, असा निष्कर्ष त्यातून निघतो. पुस्तकात एका ओळीत मावणारी ही गोष्ट उन्हातान्हात, शाळेचे काम सांभाळून फिरणाऱ्या दोन माणसांनी गोळा केलेल्या पुराव्यावर उभी आहे.

नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसाल्टशी निगडित थरांवर हिस्लॉप यांनी १८६० मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. हे आंतर-लाव्हा थर आणि बेसाल्टच्या तळाशी असलेले लमेटा थर एकच आहेत, असे ते मानत; पुढील संशोधकांनी ते वेगळे ठरवले.

कामठीच्या वालुकाश्मातील ग्लॉसॉप्टेरिस वगैरे वनस्पतींचे ठसेही त्यांनी जमवले. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने केले. वनस्पतींचे ठसे असलेले हे खडक हिस्लॉप यांनी प्रथम ज्युरासिक मानले. आज ग्लॉसॉप्टेरिसयुक्त थर त्याहून जुने, पर्मियन काळातले समजले जातात. चूक समजण्याजोगी आहे: तुलनेसाठी हाताशी युरोपातला क्रम होता आणि येथील वनस्पती युरोपात नव्हत्याच. या खडकांच्या समूहाला गोंडवन हे नाव मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये सुचवले. त्यावरून एडवर्ड सुएस यांनी गोंडवनलँड ही संज्ञा घडवली. तोपर्यंत हिस्लॉप हयात नव्हते.

मृत्यू

भूशास्त्राबरोबरच गोंड व अन्य आदिवासींच्या भाषा, गीते व चालीरीतींची टिपणे ते करीत. मध्य प्रांताचे प्रशासक रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बोरीकडे घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. त्यांची आदिवासीविषयक टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली.

स्मृती

नागपूर भागातील एका हिरवट कॅल्साइटयुक्त खनिजाला सॅम्युअल हॉटन यांनी १८५९ मध्ये हिस्लॉपाइट हे नाव दिले. मलेरी येथील सेराटोडस हिस्लोपियानस या माशाच्या नावातही त्यांचे नाव आहे. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले.