पिकाचा खरा उतारा शोधणारे डॉ. सुखात्मे

उभा गहू बघून एकरी किती पोती होतील हे सांगणारं कुणीतरी घरोघरी असतंच. पूर्वी आणेवारीसुद्धा बहुतेक अशी नजरेनेच ठरायची. नजरेच्या जागी मोजमाप आणणाऱ्यांपैकी एक थोर माणूस आपल्याच महाराष्ट्रातला.

डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या खेड्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले व संख्याशास्त्रात पीएच.डी. झाले. परत आल्यावर दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी काम केले.

काळ कठीण होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. कागदावर धान्य जास्त दिसलं आणि कोठारात कमी निघालं, तर उपाशी कोण राहणार? म्हणून उतारा खरा कळायला हवा होता.

रीत अशी: चिठ्ठी टाकल्यासारखं शेत निवडायचं, त्यात एक तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा आणि दाणे तोलायचे. पण तुकडा केवढा घ्यायचा? कलकत्त्याचे महालनोबिस हेही मोठे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. दोघांचा वाद बराच गाजला.

आता आपण हिशोब करू. दोन फूट त्रिज्येचा गोल म्हणजे साडेबारा चौरस फूट. एकरात असे सुमारे ३,४६६ गोल बसतात. आखणीवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर? लबाडी कुणी करत नाही, पण हात आपोआप आत घेतो. समजा, दहा ग्रॅम दाणे जास्त आले. एकराला ३,४६६ ने गुणा, झाले जवळजवळ ३५ किलो! उतारा दहा क्विंटल असेल तर ही साडेतीन टक्के चूक.

उलट ३३ फूट लांब-रुंद गुंठा घ्या. त्याची कड दहापट लांब, म्हणून चूकही शंभर ग्रॅम धरू. पण एकरात गुंठे चाळीसच. म्हणजे चार किलो, अर्धा टक्कासुद्धा नाही.

बरं, शंभर गोल कापले तर चूक जाईल का? काही जास्त, काही कमी अशा चुका एकमेकींना खातात. पण सगळ्याच जास्तीच्या बाजूला असल्या तर शंभरांची सरासरीही तेवढीच चुकते. तराजू ग्रॅमपर्यंत बरोबर असून उपयोग काय?

सुखात्म्यांनी लहान-मोठे तुकडे कापून हे ताडून पाहिले. अगदी लहान तुकड्यांत उतारा फुगलेला निघाला. १९४६ साली हे 'नेचर' या विलायती नियतकालिकात छापून आले.

पुढे १९५१ ते १९७० ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला होते. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. शेतात तुकडा आखून पीक कापणी प्रयोग आजही होतात, आणि पीक विम्याच्या भरपाईचा हिशोब त्यांच्यावरून मांडला जातो.