गिटारचे साधक आंद्रेस सेगोव्हिया : स्वतःच गुरू, स्वतःच शिष्य

पिंपरी, चिंचवड, भोसरी, निगडी आणि पुढे थेट चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात राहणारे आमचे अनेक तरुण आज गिटार शिकत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. कोणी रविवारच्या मिस्सेत गायकवृंदाला साथ करता यावी म्हणून शिकतो, तर कोणी निव्वळ हौसेपोटी. कारखान्यातील पाळी सतत बदलत असल्यामुळे ठरलेल्या वेळी शिक्षकाच्या घरी जाणे बहुतेकांना जमत नाही. मग रात्रपाळीहून परतल्यावर भाड्याच्या खोलीत मोबाईल भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्यावरील चित्रफीत पाहत तारांवरून बोटे फिरवायची, हाच त्यांचा गुरुकुलवास. अशा काही तरुणांनी आम्हाला एकदा विचारले, की समोर शिक्षक नसताना माणूस खरोखर शिकू शकतो का? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्याऐवजी आम्ही एका थोर वादकाच्या जीवनकथेने देऊ इच्छितो.

आंद्रेस सेगोव्हिया यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील लिनारेस या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची असल्याने लहानपणीच त्यांना काका-काकूंच्या स्वाधीन करण्यात आले आणि पुढे ग्रानादा या ऐतिहासिक शहरात ते वाढले. मुलाला संगीताची ओढ आहे हे पाहून वडीलधाऱ्यांनी त्याला व्हायोलिन शिकण्यास पाठवले. परंतु शिक्षकाच्या कठोर पद्धतीमुळे त्याचे मन तेथे रमले नाही. त्याला वेड लागले होते ते गिटारचे.

त्या काळी स्पेनमध्ये गिटार घरोघरी होती, पण तिला प्रतिष्ठा नव्हती. पिठ्यात मद्यपींच्या सोबतीला, रस्त्यावर गाण्याच्या साथीला आणि फ्लामेन्को नृत्याला चालणारे वाद्य, अशीच तिची ओळख होती. संगीत विद्यालयांत पियानो आणि व्हायोलिन शिकवले जाई. गिटारला तेथे जागा नव्हती. घरच्यांचा विरोधही याच कारणाने होता. आमच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेत इतर योग्य वाद्यांना वाव दिल्यानंतर जेव्हा गिटार चर्चमध्ये आली, तेव्हा ऑर्गनच्या गंभीर सुरांना सरावलेल्या अनेक भाविकांनी भुवया उंचावल्या होत्याच.

शिक्षक मिळेना, तेव्हा सेगोव्हिया यांनी स्वतःलाच शिकवायचे ठरवले. जुन्या संगीतकारांच्या स्वरलिपी मिळतील तेथून जमवल्या, स्वरलेखन वाचण्याचा अभ्यास केला, पियानोसाठी लिहिलेले स्वराभ्यास पाहून गिटारवर बोटे कशी चालवावीत याचा शोध घेतला. एकाच देहात गुरू आणि शिष्य नांदत होते. शिष्य वाजवी आणि गुरू ऐके. विशेष म्हणजे हा गुरू मुळीच दयाळू नव्हता. अस्पष्ट निघालेला एक स्वरही तो पुढे जाऊ देत नसे. १९०९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रानादात त्यांचे पहिले जाहीर वादन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गिटारचे तत्कालीन श्रेष्ठ आचार्य फ्रान्सिस्को तारेगा यांचे निधन झाले. त्यांच्या चरणी बसण्याची इच्छा सेगोव्हिया यांच्या मनात होती. परंतु दोघांची भेट कधीच झाली नाही. पुढे बार्सिलोनात तारेगांचे शिष्य मिगेल लोबेत यांचा सहवास मात्र त्यांना लाभला.

माद्रिद येथे आपले वादन सादर करण्यासाठी त्यांना चांगल्या वाद्याची गरज होती आणि खिशात पैसे नव्हते. मान्वेल रामिरेझ या नामवंत कारागिराच्या दुकानात जाऊन त्यांनी कार्यक्रमापुरती गिटार भाड्याने मागितली. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का मिळू नये, असा त्यांचा साधा हिशोब होता. हातात दिलेले वाद्य त्यांनी वाजवून दाखवले आणि ते ऐकून रामिरेझ यांनी ती गिटार त्यांना विनामूल्य देऊन टाकली. १९१२ साली घडवलेले हे वाद्य त्यांनी अनेक वर्षे जगभर वाजवले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एका अनोळखी गरीब तरुणावर एका कारागिराने टाकलेला विश्वास किती दूरवर पोहोचला, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९२४ मध्ये पॅरिस आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमांनी गिटारकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. मोठ्या सभागृहांतही ते ध्वनिवर्धक वापरत नसत. श्रोत्यांनीच शांत होऊन कान द्यावेत, ही त्यांची अपेक्षा असे. गिटारसाठी मोलाच्या रचना थोड्या आहेत, ही उणीव त्यांना सतत जाणवे. म्हणून त्यांनी आपल्या काळातील संगीतकारांना गिटारसाठी लिहिण्यास प्रवृत्त केले. मेक्सिकोचे मान्वेल पोन्से, स्पेनचे तुरिना आणि मोरेनो तोरोबा, इटलीचे कास्तेलनुओव्हो-तेदेस्को, ब्राझीलचे व्हिला-लोबोस अशा कितीतरी रचनाकारांनी त्यांच्यासाठी लिहिले. १९३५ साली पॅरिसमध्ये त्यांनी योहान सेबास्टियन बाख यांची व्हायोलिनसाठी लिहिलेली शाकोन ही दीर्घ व अवघड रचना गिटारवर सादर केली. पिठ्यातले वाद्य बाखच्या भारदस्त संगीताला पेलेल की नाही, या शंकेला दिलेले ते उत्तर होते.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. सेगोव्हिया यांना बार्सिलोनातील घर सोडून परागंदा व्हावे लागले. मागे राहिलेले घर लुटले गेले. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशाच्या माँतेव्हिदेओ या राजधानीत त्यांनी आसरा घेतला आणि तेथूनही साधना चालू ठेवली. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले आणि गिटारच्या तारांचाच दुष्काळ पडला. त्या काळी या तारा जनावरांच्या आतड्यांपासून बनत असत आणि तोच माल जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रियेत टाके घालण्यासाठी हवा होता. शिवाय आतड्याची तार सर्वत्र सारख्या जाडीची नसे, दमट हवेत लवकर उतरे आणि ऐन कार्यक्रमात तुटे. न्यूयॉर्कमधील गिटार बनवणारे आल्बर्ट ऑगस्टीन यांनी डुपाँ कंपनीच्या नायलॉनच्या धाग्यावर प्रयोग केले. सेगोव्हिया यांनी त्या तारा स्वतः वाजवून पारखल्या, सुधारणा सुचवल्या आणि महायुद्ध संपल्यावर थोड्याच काळात नायलॉनच्या तारा सर्वत्र रूढ झाल्या. मोजमाप, माल आणि चाचणी यांत दिवस घालवणाऱ्या आमच्या कामगार बांधवांना या कथेत आपल्याच कामाचे प्रतिबिंब दिसेल. आज जगभर शास्त्रीय गिटारवर जी नायलॉनची तार चढवली जाते, तिच्यामागे एक वादक आणि एक कारागीर यांची ही भागीदारी आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात सेगोव्हिया यांनी शिकवण्याचे व्रत घेतले. १९५० पासून इटलीतील सिएना येथे आणि १९५८ पासून स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला येथे ते उन्हाळी वर्ग घेत. प्रेषित संत याकोबाच्या समाधीमुळे शेकडो वर्षे यात्रेकरूंचे गंतव्य असलेल्या या नगरीत आता देशोदेशीचे तरुण पाठीवर गिटार घेऊन येऊ लागले. तेथील वर्गांचे चित्रण १९६५ साली दूरचित्रवाणीसाठी करण्यात आले. त्या कृष्णधवल चित्रफिती आजही पाहता येतात. शिष्य शेजारी बसून वाजवतो. वृद्ध गुरू डोळे किलकिले करून ऐकतो, मधेच थांबवतो आणि तोच स्वरसमूह स्वतः वाजवून दाखवतो. १९६७ साली ख्रिस्तोफर न्यूपेन यांनी सेगोव्हिया यांच्या आंदालुसियातील समुद्रकाठच्या घरी एक चित्रपट तयार केला. पुढे ऐंशी वर्षे ओलांडलेल्या सेगोव्हियांचे ग्रानादातील अलाम्ब्रा राजवाड्यातील वादनही त्यांनीच चित्रित केले. मोबाईलवर शिकणाऱ्या आमच्या तरुणांनी या चित्रफिती अवश्य पाहाव्यात. डावा पाय छोट्या चौरंगावर कसा ठेवला आहे, उजव्या हाताचे नख आणि बोटाचे मांस दोन्ही तारेला कसे लागतात, तार छेडण्याची जागा बदलताच एकाच वाद्यातून मऊ आणि धारदार असे दोन आवाज कसे निघतात, हे शब्दांत सांगण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिल्यावरच उमजते.

मात्र त्याच चित्रफितींत या थोर पुरुषाचा एक दोषही दिसतो आणि तो झाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. शिष्याने गुरूने ठरवलेल्या बोटांनीच आणि गुरूच्याच ढंगाने वाजवावे, असा त्यांचा आग्रह असे. वेगळी वाट काढणाऱ्याला चारचौघांत कठोर बोल ऐकावे लागत. ज्यांनी सेगोव्हियांकडून लहान वयात धडे घेतले आणि पुढे स्वतः जगद्विख्यात झाले, त्या जॉन विल्यम्स यांनी या पद्धतीवर जाहीर टीका केली आहे. कोणाही शिक्षकाच्या बंधनात न वाढलेल्या माणसाने शिष्यांना मात्र तेवढी मोकळीक देऊ नये, हे विसंगत खरेच. कदाचित ज्या निर्दय गुरूने त्यांना घडवले, त्यालाच त्यांनी पुढे इतरांसमोर बसवले असावे. स्वतःशी कठोर असणे ही साधना. तोच कठोरपणा दुसऱ्यावर लादला की तो जुलूम ठरतो. घरात, शाळेत आणि धर्मग्रामात ज्यांच्या हाती मुलांचे शिक्षण आहे, त्या आम्हा सर्वांनाच हा विचार लागू पडतो.

विजेवर चालणाऱ्या गिटारविषयीही त्यांचे मत अत्यंत प्रतिकूल होते. येथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. मूळ गोमंतकीय कुटुंबातील, मुंबईत जन्मलेले आमान्सिओ डिसिल्व्हा (१९३६-१९९६) यांनी विजेच्याच गिटारवर जॅझ आणि भारतीय रागसंगीत यांचा मेळ घातला. १९६७ मध्ये ते लंडनला गेले आणि १९६९ साली जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासह त्यांनी हम दोनो ही ध्वनिमुद्रिका केली. थोरांचे सर्वच मत प्रमाण मानण्याचे कारण नसते. त्यांची निष्ठा घ्यावी आणि आपला मार्ग आपण चालावा.

सेगोव्हिया नव्वदी ओलांडल्यानंतरही जाहीर कार्यक्रम करीत होते. १९८१ साली स्पेनच्या राजाने त्यांना सालोब्रेन्याचे मार्किस हा किताब बहाल केला. २ जून १९८७ रोजी माद्रिद येथे, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत जगातील अनेक मान्यवर संगीत विद्यालयांत गिटार हा अभ्यासाचा विषय झाला होता. ज्याला स्वतःला शिकण्यासाठी विद्यालय मिळाले नाही, त्याच्या खटपटीने पुढच्या पिढ्यांसाठी विद्यालयांचे दरवाजे उघडले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्षक समोर नसताना शिकता येते का? सेगोव्हिया यांचे जीवन सांगते की येते. परंतु त्याची एक अट आहे. चित्रफीत आपल्याला दाखवते, पण ती आपले ऐकत नाही. आपला स्वर बेसूर लागला, मनगट आखडले, लय धावली, तरी पडद्यावरचा वादक हसतमुखाने पुढे वाजवतच राहतो. म्हणून चुका पकडणारा गुरू शिकणाऱ्याने स्वतःच्या आतच जागा ठेवला पाहिजे. शंभर चित्रफिती चाळण्यापेक्षा एक निवडावी आणि ती महिनाभर पुनःपुन्हा पाहावी. सेगोव्हिया यांनी १९५३ साली स्वरसप्तकांच्या आरोह-अवरोहांची छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि रोज दोन तास केवळ त्यांचाच सराव करण्याचा सल्ला दिला. आमच्या कामगार तरुणांना दोन तास कोठून मिळणार? पण वीस मिनिटे मिळतील आणि ती रोज मिळाली तर पुरेशी आहेत. स्वतःचे वादन त्याच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे; ते ऐकणे सुखाचे नसते, पण फार उपकारक असते. आणि महिन्यातून एकदा तरी गायकवृंदातील एखाद्या जाणत्या व्यक्तीसमोर बसून वाजवावे, म्हणजे आपल्या कानातून निसटलेले तिच्या कानात सापडेल. त्या जाणत्या व्यक्तीनेही ऐकताना सेगोव्हियांचा कान घ्यावा, त्यांची जरब मात्र घेऊ नये.

रात्रपाळीनंतर डोळ्यांवर झोप असतानाही गिटार हाती घेणाऱ्या आमच्या सर्व तरुण बंधुभगिनींना आम्ही मनःपूर्वक शुभेच्छा देतो. येत्या रविवारी त्यांच्या बोटांखालून एखादा स्वर चुकला, तर बाकांवर बसलेल्या आम्ही सर्वांनी तो मायेने ऐकून घ्यावा, एवढीच विनंती.