संगणकाआधी माणसे घडवणारे होमी भाभा

सीटी स्कॅनचे चित्र संगणक तयार करतो. रेडिएशनचा किरण गाठीवर किती आणि कोणत्या कोनातून सोडायचा, याचे गणितही तोच करतो. वाशिम, रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले, की पेशंटला मुंबईला ‘टाटा’मध्ये न्यायचे का, हा विषय निघतोच. संगणक आणि टाटा रुग्णालय या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात एकत्र येतात. ते म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा. अणुशास्त्रज्ञ म्हणून त्यांना शाळकरी मुलेही ओळखतात. भारतात संगणक घडवण्यामागेही तेच उभे होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. त्यांची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. मन मात्र भौतिकशास्त्रात रमले होते. त्यांनी आधी वडिलांचा शब्द पाळला, १९३० मध्ये इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात काढली आणि मगच आपल्या आवडीचा रस्ता धरला.

१९३१ मध्ये मेहेरबाईंचा रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. होमी तेव्हा एकवीस वर्षांचे होते. या आजारावर त्या काळी हाती फारसे काहीच नव्हते. पत्नीमागोमाग वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले.

१९३९ मध्ये भाभा सुटीवर भारतात आले आणि युरोपात महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाल्यावर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तिथेच त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. पुढे अणुऊर्जेचा काळ आला, तर भारताला परदेशातून तज्ज्ञ आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत. १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला तसे पत्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली.

अणूच्या अभ्यासात प्रचंड आकडेमोड असते. माणसाला महिने लागतील ती गणिते यंत्राने करायची, तर संगणक हवा. १९५५ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून तयार संगणक आणला. भाभांच्या संस्थेने तो स्वतः घडवायचे ठरवले. रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे हे काम आले. हाताखाली तरुण मुले होती आणि त्यांतल्या बहुतेकांनी संगणक कधी वापरलेलाही नव्हता. त्यांनी आधी एक लहान, प्रायोगिक यंत्र बनवले, त्यावर हात बसवला आणि मग मोठे यंत्र हाती घेतले.

फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागले. अठरा फूट लांब, आठ फूट उंच पोलादी सांगाडा आणि त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचे तसेच हे व्हॉल्व्ह, तापणारे आणि अधूनमधून जाणारे. स्मरणशक्तीसाठी तारांच्या जाळीत बारीक चुंबकीय कड्या ओवलेल्या होत्या. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर शून्य, उलट दिशेने झाली तर एक. अशा सगळ्या कड्यांची मिळून साठवण जेमतेम १० किलोबाईट. आज मोबाईलवर आलेला एक साधा फोटोही त्यात मावणार नाही. १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

मात्र टिफ्रॅक सुरू झाला तेव्हाच परदेशात व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टर घेत होता. यंत्र जन्मतःच जुने ठरू लागले होते. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला. मग आधीची मेहनत वाया गेली का? तसे म्हणता येत नाही. यंत्र उघडून, जोडून, बिघडल्यावर दुरुस्त करून शिकलेली माणसे तोवर देशात तयार झाली होती. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली आणि पुढे तिथे भारतीय बनावटीचे संगणक तयार होऊ लागले.

औषधोपचाराच्या क्षेत्रातही भाभांनी हाच क्रम ठेवला. अणुभट्टीत तयार होणारी किरणोत्सारी द्रव्ये रोग शोधण्यासाठी आणि बरा करण्यासाठी वापरता येतात, हे त्यांनी ओळखले होते. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६३ मध्ये परळलाच रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. थायरॉइडच्या रुग्णांची किरणोत्सारी आयोडीनने तपासणी आणि उपचार करणारे डॉक्टर, तंत्रज्ञ तिथे घडू लागले. आत्याच्या आजारपणात ज्या रोगापुढे घर हतबल झाले होते, त्या रोगाशी लढणाऱ्या रुग्णालयाला भाच्याच्या विज्ञानाची जोड मिळाली.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना भाभांचे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्वच्या सर्व ११७ जण दगावले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. देशातील इलेक्ट्रॉनिक्सची दिशा ठरवण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. सीटी स्कॅन यायला अजून पाच वर्षे होती. ते त्यांना पाहता आले नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी आज नवे यंत्र आले की फीत कापली जाते, फोटो निघतात. पण ते चालवणारा तंत्रज्ञ आणि त्याचा अहवाल वाचणारा डॉक्टर नसेल, तर खोलीला कुलूप लागते आणि पेशंटला अकोल्याची किंवा नागपूरची गाडी धरावी लागते. भाभांनी यंत्राबरोबरच ते समजणारी माणसे तयार केली. यंत्रासाठी पैसा मंजूर करताना माणसांच्या शिक्षणाची आणि नेमणुकीची तरतूदही त्याच कागदावर असायला हवी.